बघू म्हणजे नाही

माझ्या ताईला काहीही झालेलं नाही, असं छातीठोकपणे सांगणारी माणसं मला ढिगाने भेटली आहेत. शेजारी, नातेवाईक, एक डॉक्टर आणि तिच्या दुकानाचे मालक. सगळ्यांचं पालुपद एकच: आम्हाला तर कधी जाणवलं नाही. जसं काही ताईला काय होतं हे यांच्या जाणवण्यावर ठरणार होतं! मी पोस्टाच्या खिडकीवर बसते, माणसांशी हुज्जत घालणं माझ्या रोजच्या कामातच येतं. पण हे वाक्य ऐकलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

ताई एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात काम करते. दुकानाच्या मागच्या बाजूला अल्टरेशनची खोली आहे, तिथे ती तीसेक वर्षं बसते आहे. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, कोटाच्या बाह्या आत घेणं हे सगळं तिथे चालतं, पण तिचा खरा हात रफूवर. सिगारेटने पडलेलं भोक असो की कसर लागलेली कॉलर, त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून ती धागे काढते आणि असे आडवे-उभे विणते, की कोट न्यायला आलेलं गिऱ्हाईक विचारतं, "फाटलं होतं ते कुठे?" ताई म्हणते, "सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही आयुष्यभर तिथेच बघाल." गिऱ्हाईक खो खो हसतं. बाई मोठी गमतीशीर आहे, असं त्याला वाटतं. ताई गंमत करत नसते.

खोलीत एक मशीन, एक टेबल, दोऱ्यांच्या रिळांचं कपाट आणि टेबलावर वाकणारा पिवळा दिवा. छताची ट्यूब तिने कधीच काढून टाकली, कारण ती गुणगुणते. तुम्हाआम्हाला नाही ऐकू येत, तिला येतं. आणि खोलीला दार आहे. हे दार लागतं, हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं सगळं रामायण त्या दारावरून झालं.

लहानपणी ताईला शाळेत 'कानझाकी' म्हणत. मधल्या सुट्टीची घंटा वाजली की ती दोन्ही हातांनी कान झाकून बाकाखाली बसायची. पाहुणे आले की स्वयंपाकघरात, गोणीमागे. बोलायची तेव्हा एकदम पुस्तकातल्यासारखं बोलायची, नाहीतर मुळीच नाही. आई म्हणायची लाजाळू आहे, आत्या म्हणायची हट्टी आहे, बाबा काहीच म्हणायचे नाहीत. तेव्हा दुसरा शब्दच कुणाकडे नव्हता. निदान गरीब घरांकडे नव्हता.

त्यातली एक गोष्ट आमच्या घरात दंतकथेसारखी सांगतात, आणि दर वेळी हसतात, म्हणून ती आधी सांगते. शाळेच्या स्वेटरची कॉलर ताईला टोचायची. टोचायची म्हणजे मान लालबुंद व्हायची आणि वर्गात फळ्यावरचं काही डोक्यात शिरायचं नाही. तिने बाबांकडे दुसरा स्वेटर मागितला. बाबा पेपर वाचत होते. म्हणाले, "बघू."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा घरात पाऊल टाकतात तोच ताई दारात. "बघितलंत का?" तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी पुन्हा. बाबा म्हणाले होते बघू, म्हणजे बाबा कुठेतरी जाऊन काहीतरी बघणार होते, आणि अजून बघून झालं नव्हतं, एवढाच तिचा हिशोब. शेवटी बाबा इतके भडकले की पेपर भिंतीवर फेकला. ताई थिजून गेली. रात्रीचं जेवण आटपल्यावर आईने तिला जवळ घेतलं आणि समजावलं, "अगं, बघू म्हणजे नाही."

"मग नाही का नाही म्हणाले?"

"तसं तोंडावर म्हणू नये. वाईट दिसतं."

"आणि बघू म्हटलेलं?"

आई भांडी आवरायला उठली. ताईने ब्लेडने स्वेटरची कॉलर उसवली आणि जुन्या चादरीच्या मऊ काठाने कड शिवून काढली. सुई तिच्या हातात आली ती अशी. यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. एका मुलीने बापाच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि त्यासाठी ओरडा खाल्ला. आमच्या घरातला विनोद तो एवढाच.

त्यानंतर ताई आपली भाषा नव्याने शिकली. तुम्ही आम्ही पाढे पाठ केले, तसे तिने आपले शब्द पाठ केले. बघू म्हणजे नाही. नक्की बघू म्हणजे मुळीच नाही. 'या ना कधीतरी घरी' म्हणजे येऊ नका. 'घाई काही नाही' म्हणजे घाई आहे. 'सहज विचारलं' म्हणजे सहज नाही. 'खरं सांग, मी जाड दिसते का' याचं उत्तर नाही असंच असतं, मग समोर कुणीही उभं असो. एकदा मी तिला विचारलं, "आणि 'मला मुळीच राग आलेला नाही' म्हणजे?" ती म्हणाली, "ते तू म्हणालीस तर पळायचं."

विशीत तिने हसणं उसनं घेतलं. शिवणक्लासच्या बाई मान मागे टाकून, तोंडावर हात ठेवून हसायच्या. ते हसू ताईने जसंच्या तसं उचललं. समोरच्याच्या डोळ्यांत बघवत नाही म्हणून दोन भुवयांच्या मध्ये बघायला शिकली. गप्पांत कुठे थांबायचं, कुठे 'हो ना' म्हणायचं, सगळं बसवलं. चाळिशीपर्यंत ती इतकी तरबेज झाली की सगळे म्हणू लागले, पोरगी सुधारली बरं का! नातेवाइकांनी तर श्रेयही वाटून घेतलं. पण दुकानातून घरी आली की ताई बाथरूममध्ये दिवा न लावता, कडी घालून बसायची. त्या अंधाराचं श्रेय घ्यायला कुणी पुढे आलं नाही.

पन्नाशी उलटली आणि गाडी मागे फिरली. पाळी गेली, झोप गेली, आणि इतकी वर्षं दाबून धरलेलं एकेक परत आलं. कपड्यांची लेबलं पुन्हा टोचायला लागली. उसनं हसू मध्येच निसटायला लागलं. समोरचा विनोद सांगून वाट बघतोय आणि ताईचा चेहरा कोरा. संध्याकाळपर्यंत तिचे शब्द संपायचे. खरंच संपायचे, मी विचारलेल्या प्रश्नावर ती नुसती हात हलवायची. लोकांचं निदान तयारच होतं: वय झालं, दुसरं काय. तरी ती टिकून होती, ती त्या खोलीमुळे. दार लावायचं, पिवळा दिवा लावायचा आणि धाग्यात धागा घालायचा. तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

आणि मग दुकान नव्या इमारतीत न्यायचं ठरलं.

मालकांनी सगळ्यांना बोलावून नकाशा दाखवला. खाली-वर मिळून मोठाच्या मोठा हॉल, मध्ये एकही भिंत नाही. आणि हॉलच्या मधोमध, भर गर्दीत, अल्टरेशनचं उघडं काउंटर. "गिऱ्हाइकाला कारागीर दिसला पाहिजे," मालक म्हणाले. "मावशी रफू करतायत, लोक उभे राहून बघतायत, वर मस्त गाणी चालू आहेत!" दुकानात सगळे ताईला मावशी म्हणतात. ताईने नकाशावर बोट ठेवून विचारलं, "दार कुठे आहे?"

दार नव्हतं. खोली गेली तर काम जाणार हे ताईला तिथेच कळलं, आणि काम गेलं तर ताईकडे काय उरतं हे मला कळलं. तिने मालकांना साधं सांगितलं, मला गोंगाटात काम होत नाही, मागे एखादी छोटी खोली द्या. ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, डॉक्टरांचा कागद आणा.

पोस्टात आलेल्या एका मासिकात मी ॲस्पर्जरबद्दल, म्हणजे ऑटिझमच्या एका प्रकाराबद्दल, वाचलं होतं आणि त्यात मला ताईच दिसली होती. पहिल्या डॉक्टरांनी ताईला जेमतेम चहा निवेपर्यंत पाहिलं असेल. म्हणाले, "तुम्ही माझ्या डोळ्यांत बघून बोलताय, हसताय, नोकरी करताय. तुम्हाला ॲस्पर्जर कसं असेल?" ताई त्यांच्या भुवयांमध्ये बघत होती. मी म्हटलं, "डॉक्टर, ती रफू करते. चांगलं रफू झालं की लोक विचारतात फाटलं कुठे. तुम्हीही तेच विचारताय." त्यांना काही ते झेपलं नाही. झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

दुसऱ्या डॉक्टरबाई निराळ्या निघाल्या. त्यांनी ताईला आधी विचारलं, की खोलीतला कुठला दिवा बंद करू. मग लहानपणाचं मला विचारलं, आत्ताचं तिला. बऱ्याच भेटी झाल्या. शेवटी म्हणाल्या, "आहे. आता आम्ही वेगळं नाव फारसं वापरत नाही, ऑटिझमच म्हणतो, पण तुम्ही ज्याला ॲस्पर्जर म्हणता तेच हे. प्रत्येकात वेगळं दिसतं. एकाच माणसात विशीत वेगळं आणि साठीत वेगळं दिसतं. काही जणांचं वयाबरोबर सोपं होतं. काही जण, विशेषतः बायका, लपवायला शिकतात, आणि लपवायची ताकद संपली की सगळ्यांना वाटतं हे आत्ताच कुठून आलं." ताईने एवढंच विचारलं, "म्हणजे मी हट्टी नव्हते?" बाई म्हणाल्या, "नव्हता." बाईंनी लिहून दिलेला कागद ताईने नीट घडी करून पिशवीत ठेवला. मी मात्र वाटेत भेटेल त्याच्याशी भांडायला तयार होते. छप्पन्न वर्षांच्या बाईला हे पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं.

आता यातली खरी मेख सांगते. मालकांच्या घरात ॲस्पर्जर होतंच. त्यांचा धाकटा भाऊ, तिशीतला, ज्याला दुकानात सगळे 'धाकटे' म्हणतात. लहानपणी घराबाहेरच्यांशी बोलायचा नाही, नुसते हात फडफडवायचा. आता बोलायला लागला की थांबत नाही, आणि बोलतो ते फक्त लिफ्टबद्दल. मोटर कुठली, दोर कसले, दार किती हळू लागतं. अगदी अंगाशी येऊन, मोठ्या आवाजात. त्याला गाणी लागतात, दिवे लागतात, गर्दीत तो खुलतो. दुकानाचे कॉम्प्युटर आणि स्पीकर तो सांभाळतो; हॉलमधली गाणी त्याचीच निवड. त्याच्या खुर्चीला कुणी हात लावायचा नाही, त्याच्या जेवणाची वेळ चुकवायची नाही, हे दुकानातल्या सगळ्यांना ठाऊक. मालकांनी भावाला फुलासारखं जपलं, त्याबद्दल मी त्यांना पैकीच्या पैकी मार्क देते. माझा राग त्यावर नाहीच.

धाकटे रोज ताईच्या खोलीत जायचे आणि लिफ्टबद्दल सांगायचे. थोडं झालं की ताई म्हणायची, "आता पुरे. आवाज सहन होत नाही." धाकटे म्हणायचे, "बरं," आणि चालू पडायचे. ना रुसवा ना फुगवा. ताई मला म्हणाली होती, अख्ख्या दुकानात तेवढ्या एका माणसाशी बोलताना अर्थ लावावा लागत नाही.

तर कागद घेऊन आम्ही नव्या इमारतीत गेलो. मालकांची काचेची केबिन, बाजूला मॅडम, आणि कोपऱ्यात जमिनीवर बसून वायरी जोडत असलेले धाकटे. मी बहीण म्हणून आत घुसले, कुणी बोलावलं नव्हतं.

मालकांनी कागद वाचला, आणि हसले. "मावशी, ॲस्पर्जर काय असतं ते मला शिकवू नका. माझ्या घरात आहे. हा बघा. याला गाणी लागतात, तुम्हाला गाणी नकोत. हा एका जागी ठरत नाही, तुम्ही जागच्या हलत नाही. दोघांना एकच कसं असेल?"

"दोन डावखुऱ्या माणसांचं अक्षर एकसारखं असतं का?" मी म्हटलं.

"अहो, तुम्ही जरा—"

"मी जरा काहीच नाही. तुमच्या भावासारखं असेल तरच खरं, हा कुठला कायदा?"

मॅडम मधाळ आवाजात म्हणाल्या, "तसं नाही हो. पण मावशींनी इतकी वर्षं किती छान जमवून घेतलं. आम्हाला तर कधी जाणवलंसुद्धा नाही. मग आत्ताच काय झालं?"

ते वाक्य! मी तोंड उघडणार तेवढ्यात ताई बोलली. टेबलाच्या कडेकडे बघत, हळू आवाजात. "जमवलं म्हणूनच. सगळं त्यात खर्च झालं. आता माझ्याकडे उरलेलं नाही."

मालकांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. ते वाईट गृहस्थ नाहीत. तेच तर वाईट. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि प्रेमाने म्हणाले, "बरं मावशी. बघू."

ताईने मान हलवली. पिशवी उचलली, तोंडावर हात ठेवून शिवणक्लासच्या बाईंचं हसू हसली आणि म्हणाली, "बरं. येते मी." तिला बरोब्बर कळलं होतं. आयुष्यभर घोकलेला धडा, त्यात ती कशी चुकेल! आमचं खोटं तिने इतकं चोख पाठ केलं होतं की तिला नकार द्यायला नकार द्यावासुद्धा लागत नव्हता. माझ्या डोळ्यांत रागाने पाणी आलं.

"काय बघू?" कोपऱ्यातून धाकट्यांनी विचारलं.

"काही नाही रे," मालक म्हणाले. "मावशींना मागे खोली हवीय."

"मग कधी बघू?"

"बघू रे नंतर."

"नंतर म्हणजे कधी? खोली मागेच आहे. लिफ्टच्या शेजारी, हँगरचे खोके ठेवलेत ती." धाकटे उठलेही होते, हातात किल्ल्यांचा जुडगा. "चला. बघू."

"अरे, तसं बघू नव्हे—"

"मग कसं?"

मालकांना आता एवढंच सांगायचं होतं, की बाळा, बघू म्हणजे नाही. पण ते त्यांनी भावाला कधीच सांगितलेलं नव्हतं. त्याला 'बघू' म्हणून मागाहून विसरायची त्यांची कधी छातीच झाली नव्हती. त्याला हो म्हणत, नाहीतर सरळ नाही म्हणत. आणि आता हे गुपित आमच्या तिघींसमोर फोडायला त्यांची जीभ रेटेना. धाकटे दार उघडून उभे. "चला ना दादा. तू म्हणालास बघू."

मग काय, वरात निघाली. पुढे धाकटे, मागे मालक, त्यांच्या मागे टाचा वाजवत मॅडम, शेवटी मी आणि ताई. खोली लहान होती. वर एक झरोका, भिंतीला लागून खोके, आणि दार. धाकट्यांनी ते लावून दाखवलं, उघडून दाखवलं. "लिफ्टची मोटर पार वर आहे. ही आवाज न करणारी लिफ्ट आहे, जुनीसारखी नाही. कान लावून बघा." ताईने भिंतीला कान लावला. डोळे मिटून बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, "चालेल."

"बघितलं," धाकटे म्हणाले. "इथे मशीन बसतं. इथे मावशी बसतात. झालं?"

"अरे, पण एवढे खोके कुठे टाकू?"

"हॉलमध्ये. गिऱ्हाइकाला हँगर दिसले तरी चालतील."

मॅडमना हसू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात घातलं. मालकांनी कपाळ पुसलं. "ठीक आहे," ते म्हणाले.

ताई त्यांच्या भुवयांमध्ये बघत नव्हती. खाली फरशीकडे बघत तिने विचारलं, "ठीक आहे म्हणजे हो?"

"मावशी, ठीक आहे म्हणजे..."

"हो म्हण ना दादा," धाकटे वैतागून म्हणाले. "सोपं आहे."

"हो," मालक म्हणाले.

आम्ही बाहेर पडलो. बस स्टॉपवर ताई बाकावर बसली, मी उभीच. मला बसवेना. खोली मिळाली होती, आनंद व्हायला हवा होता, आणि मी नुसती फणफणत होते. डॉक्टरबाईंचा कागद केबिनमध्ये तसाच पडला होता. ताईचं छप्पन्न वर्षांचं म्हणणं तिथे चाललं नाही. मालकाच्या भावाने विचारलं म्हणून दार उघडलं! त्याच्या जागी तसाच कुणी साधा सेल्समन असता, तर त्यालाही बघूचा अर्थ एव्हाना शिकवून झाला असता. हे सगळं मी मोठ्याने बोलत होते, स्टॉपवरची माणसं वळून बघत होती.

ताईने मला थांबवलं नाही. माझं बोलून संपल्यावर ती म्हणाली, "त्याला तो शब्द येत नाही."

"कुठला?"

"बघू." तिने पिशवी मांडीवर घेतली आणि तिचे बंद दोन्ही हातांत धरले. चेहरा कोरा होता, उसनं काहीही त्यावर नव्हतं. "त्याला कुणी शिकवू नका."